पेलाभर पाझर

मित्रांनो, धरण म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर मोठमोठे दरवाजे, फेसाळणारे पाणी आणि सहलीला आलेल्या बसगाड्या उभ्या राहिल्या असतील, तर त्या आधी परत पाठवा. माझ्याकडे यातले काहीच नाही. मी एक म्हातारा मातीचा बांध आहे. दोन टेकड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एका ओढ्याला आडवा पडलो आहे. तीन माणसे एकाच्या खांद्यावर एक उभी केली तर वरच्याचे डोके माझ्या माथ्याला लागायचे, एवढीच माझी उंची. मी सरकारचा नाही की गावाचा नाही. एका कुटुंबाने आपल्या शेतीसाठी मला बांधले, म्हणून मी खाजगी. कोणत्याही नकाशात माझे नाव नव्हते आणि ज्याचे नाव नाही त्याची चौकशी कोण करणार?

आयुष्यभर मी एकाच कुशीवर पडून आहे. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला ऊन. पाणी माझ्याजवळ राहते खरे, पण ते मी अडवले म्हणून. वाट मिळाली की ते मागे वळूनही पाहत नाही. पक्षी येतात, चोच ओली करतात आणि उडून जातात. त्यामुळे एकटेपणा कशाला म्हणतात हे मला कोणी शिकवायला नको. आज तुम्ही माझ्या माथ्यावर बसलाच आहात तर थोडे ऐका. मधेच उठून जाऊ नका, एवढेच मागणे.

मला ज्यांनी बांधले त्यांना बाहेरचे लोक मालक म्हणत आणि घरातले बाबा. ओढा वर्षातले काही महिने भरभरून वाहायचा आणि मग ठणठणीत कोरडा पडायचा. मालकांच्या भाज्या नेमक्या तेव्हाच माना टाकायच्या. ‘पाणी आपल्या दारावरून जातं आणि आपण त्याला बस म्हणत नाही,’ असे ते एकदा बायकोला म्हणाले, आणि पुढच्या कोरड्या दिवसांत त्यांनी मला उभारायला घेतले.

बांध म्हणजे मातीचा ढीग, असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका. ढिगातून पाणी आरामात निघून जाते. माझ्या पोटात मधोमध करड्या चिकणमातीची भिंत आहे. पाणी धरते ती. बाहेरची जाडीभरडी माती फक्त तिला आधार देते. ही करडी माती ओढ्याच्या खालच्या अंगाला, माझ्या पायथ्यापासून हाकेच्या अंतरावर मिळाली. ती खणून काढली तेव्हा तिथे सपाट तळाचा मोठा खड्डा पडला. हा खड्डा लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

चिकणमाती नुसती टाकून चालत नाही. ती ओली करायची, थराथराने पसरायची आणि पायांनी तुडवायची. आत एक जरी पोकळी राहिली तरी पुढे पाणी तीच वाट धरते. मजूर तुडवत, मालक तुडवत आणि त्यांची दोन मुलेही तुडवत. थोरला दादा दात-ओठ खात एकेक पाय रोवायचा. धाकटी चिमी तुडवायची कमी आणि घसरून पडायची जास्त. त्या दोघांचे इवलेसे पाय माझ्या पोटात उमटलेले आहेत. संध्याकाळी त्यांची आई दोघांना दाराबाहेरच अडवायची. ‘पाय धुतल्याशिवाय घरात येऊ नका!’ तिचा आवाज असा, की टेकडीलाही पाय धुवावेसे वाटले असतील.

माझा माथा पूर्ण झाला, पाण्याच्या अंगाला दगड बसले. तळातून लोखंडी नळ काढून त्याला चाकाची झडप बसवली. चाक फिरवले की शेताला पाणी सुटायचे. आणि एका बाजूला, माझ्या माथ्यापेक्षा बरीच खाली, दगडांनी बांधलेली एक रुंद वाट ठेवली. तिला सांडवा म्हणतात. पाणी जास्त झाले की ते तिथून निमूटपणे बाहेर पडते. मित्रांनो, मातीच्या बांधाच्या डोक्यावरून पाणी गेले की तो संपलाच. माझ्यासारख्याचा जीव सांडव्यात असतो.

पहिल्यांदा पाणी भरले तेव्हा माझ्या पायथ्याशी एके ठिकाणी ओल आली आणि बारीक धार लागली. आई घाबरली. मालक मात्र शांतपणे खाली उतरले, काचेचा पेला त्या धारेखाली धरून भरला आणि उन्हाकडे करून पाहिला. मग मुलांना म्हणाले, ‘मातीचा बांध थोडा पाझरणारच. पाणी निवळ असलं तर तो त्याचा घाम समजायचा. गढूळ झालं तर ते रक्त. मग समजायचं, आतली माती वाहून चाललीय.’

त्या दिवसापासून रोज सकाळी मालक पेला घेऊन खाली उतरत. भरत, उन्हात धरत आणि ओतून देत. चिमी त्यांचे बोट धरून बरोबर असायचीच. लांबून बघणारे म्हणत, ‘मालकांचं सकाळीच सुरू होतं वाटतं!’ मालकांनी कधी खुलासा केला नाही. मग ते माझ्यावर चढत, उंदरांची बिळे बुजवत, उगवलेली रोपटी उपटत, सांडव्यातला पाचोळा काढत आणि झडपेला तेल घालून चाक मागेपुढे फिरवत. मला वाटायचे, जगात सगळ्यांचेच असे असते. रोज सकाळी कोणीतरी येते आणि आपण बरे आहोत ना, हे पाहून जाते.

माझ्या कौतुकाचेही काही दिवस होते. आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी मला दाखवायला आणत. पाहुणा कंबरेवर हात ठेवून ‘वा!’ म्हणे आणि मी उगाच दोन बोटे उंच झाल्यासारखे मला वाटे. माझ्या पाण्यावर मुले पोहायला शिकली, भाज्यांचे हारे भरून बाजाराला गेले. ते दिवस मी अजून आठवतो. दुसरे करण्यासारखे मला आहे तरी काय?

मग मालक गेले. सकाळी पेला आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. मी पाझरत राहिलो, पण बघायला कोणी नव्हते.

पुढे वाटणी झाली. पाणी आणि वरची जमीन दादाकडे, खालची जमीन चिमीकडे. मी बरोबर मध्ये, म्हणून सामाईक. सामाईक हा शब्द ऐकायला फार गोड आहे. त्याचा अर्थ असा, की पाणी हवे असेल तेव्हा मी दोघांचा आणि माझ्यावरचे गवत काढायचे असेल तेव्हा दुसऱ्याचा. दादा म्हणायचा, ‘चिमीने बघावं, पायथा तिच्याकडे आहे.’ चिमी म्हणायची, ‘दादाने बघावं, पाणी त्याच्याकडे आहे.’ बारभाईची शेती, काय लागेल हाती, असे म्हणतात. इथे भावंडे दोनच होती, तरी म्हण खरी करून दाखवली त्यांनी.

दादाने भाजीपाल्याचा नाद सोडला आणि माझ्या पाण्यात मासे सोडले. माशांना पाणी भरपूर हवे, म्हणून त्याने झडप घट्ट बंद केली ती पुन्हा उघडलीच नाही. पाणी चढल्यावर मासे सांडव्यावरून पळून जाऊ नयेत, म्हणून सांडव्याच्या तोंडाला बारीक जाळी ठोकली. पाणी आणखी थोडे साठावे म्हणून जाळीखाली आडव्या फळ्या लावल्या. माणूस वाईट नव्हता तो. पण मासे पाळणाऱ्याला सांडवा म्हणजे मासे पळण्याची फट, एवढेच दिसते. बापाने ती फट मुद्दाम का ठेवली असेल, हे त्याच्या मनात आले नाही.

झडप बंद झाल्यावर खालचे पाणी तुटले. चिमी आणि तिचा नवरा शहरातल्या एका दवाखान्याच्या चादरी आणि उशांचे अभ्रे धुऊन देत. पाण्यावरून बहीणभावांत एकदा असे भांडण झाले की टेकडीपलीकडे ऐकू गेले, आणि त्यानंतर जो अबोला धरला तो धरलाच. चिमीने माझ्या पाझराखाली दगडी हौद बांधला आणि त्यावर धुणे सुरू केले. माझा पाझर इतका निवळ की चादरी बगळ्यासारख्या व्हायच्या.

घरही तिने तिथेच बांधले. कुठे, ते ओळखा. त्या जुन्या खड्ड्यात! तळ सपाट, वाऱ्यापासून आडोसा आणि बाराही महिने हिरवळ. ‘सगळीकडे वाळलेलं असतं, पण इथे बघा कसं हिरवंगार आहे,’ असे म्हणत तिने आणि नवऱ्याने पाया घातला. ती हिरवळ माझ्या पाझराची होती. बांधाच्या पायथ्याशी एवढे हिरवे का, हा प्रश्न विचारायचा सोडून माणसांनी तिथे पडदे लावले. जिथली माती माझ्या अंगात आहे, नेमक्या त्याच जागेवर आता चिमीची चूल होती. मी फुटलो असतो तर माझी माती आपल्या घरी परत गेली असती, पण चिमीचे घर घेऊन. या एका विचाराने मी किती दिवस अंग चोरून पडलो होतो, ते मलाच माहीत.

आई म्हातारी झाली, पायांनी अधू झाली आणि लेकीकडे राहिली. दादाला आईची काळजी होती, पण बहिणीच्या दारात जायचे म्हणजे मान खाली घालावी लागणार. मग त्याने यावर उपाय काढला. रोज सकाळी तो माझ्या माथ्यावर येऊन उभा राहायचा आणि खाली ओरडायचा, ‘आई, बरी आहेस ना?’

खालून खाटेवरून आवाज यायचा, ‘बरी आहे! खाली ये म्हणजे दिसेन!’

तो थोडा वेळ उभा राहायचा आणि परत जायचा. रोज माझ्यावर उभा राहून कोणी दुसऱ्याचीच चौकशी करतो, हे माझ्या नशिबी आले. त्याच्या पायांजवळ उंदरांची बिळे होती. त्याने कधी खाली पाहिले नाही.

मला सोबत होती ती फक्त एका झाडाची. पाखराने टाकलेल्या बीतून ते माझ्या अंगावर उगवले. त्याचे नाव कोणालाच माहीत नव्हते, म्हणून मी त्याला पाहुणा म्हणायचो. मालक असते तर त्यांनी ते बोटभर असतानाच उपटले असते. आता ते छपराएवढे झाले. त्याच्या सावलीने माझी पाठ गार राहायची, वाऱ्यात त्याची मुळे आतून हलायची आणि मला वाटायचे, कोणीतरी आपल्याशी बोलते आहे. पण भिडस्त घरात पाहुणा हातपाय पसरतो, तशी ती मुळे माझ्या करड्या भिंतीपर्यंत पोचली. एक जाड मूळ आतच कुजले आणि तिथे एक लांब पोकळी राहिली.

त्या वर्षी पाऊस उतरणीला लागला असे वाटत असतानाच तो पुन्हा मांडी घालून बसला. वरून काटक्या, पाला, गवताचे पुंजके वाहत आले आणि जाळीला चिकटले. सांडव्याचे तोंड बंद होत गेले. पाणी चढत गेले. आणि त्या पाण्याला ती कुजलेली पोकळी सापडली.

मला आत काहीतरी सुटल्यासारखे वाटले. दुखले नाही, म्हणूनच फार भीती वाटली. एकेक चिमूट माती माझ्यातून निघत होती. चिमीच्या पायांनी बसलेली, दादाच्या पायांनी बसलेली. ओरडावे तर मला तोंड नाही. माझे बोलणे म्हणजे माझे पाणी. मी गढूळ झालो. तेवढेच माझ्या हातात होते.

चिमीने चादर पिळली तर कडेला करडी झाक. तिने आधी साबणाला दोष दिला, मग नवऱ्याला. ‘तुम्ही चिखलाच्या हातांनी गठ्ठे उचलता!’ नवरा बिचारा हात दाखवत राहिला आणि मग टेम्पो काढून शहराकडे सटकला. दुसऱ्या दिवशी सगळ्याच चादरींना करडी झाक आली. चिमी हौदाजवळ तशीच उभी राहिली. मग ती धावत घरात गेली.

मालकांचा तो काचेचा पेला आईच्या उशाशी असायचा. त्यात आई आपली कवळी ठेवायची. चिमीने कवळी काढून वाटीत टाकली आणि पेला उचलला.

‘अगं, माझे दात!’ आई कवळीशिवाय जे काही म्हणाली त्याचा अर्थ एवढाच होता.

चिमीने पेला पाझराखाली धरून भरला आणि उजेडाकडे करून पाहिला. मी जीव मुठीत धरून होतो. मित्रांनो, इतक्या वर्षांनी कोणीतरी मला पाहत होते, आणि मी रक्ताळलेला होतो.

तेवढ्यात माथ्यावरून रोजची हाक आली. ‘आई, बरी आहेस ना?’ छत्री घेतलेला दादा वर उभा होता. चिमी पेला पदराआड धरून माझ्या उतारावरून चढू लागली. पावसाने उतार निसरडा झाला होता. दोनदा घसरली, पण पेला तिने सांडू दिला नाही.

तिला पाहून दादाचा चेहरा उतरला. ‘आईला काय झालं?’

‘आई बरी आहे. बांध बरा नाही. हे बघ.’

‘पाऊस बघतेस ना? ओढा गढूळ, शेतं गढूळ. तुझा हौद तेवढा निवळ कसा राहील?’

‘बाबांच्या वेळी कितीही पाऊस झाला तरी पाझर निवळच असायचा. मातीतून गाळून येतो तो. आणि ओढ्याचं पाणी तांबडं आहे दादा. याचा रंग तरी बघ.’

दादाने पेला घेतला. तळाशी साका बसला होता, करडा. त्याने पेल्यात बोट घातले आणि ती माती अंगठ्याने चोळली. ती साबणासारखी बुळबुळीत होती. पावसात छत्री कलली तरी त्याला भान नव्हते.

‘ही आपण तुडवलेली,’ तो म्हणाला.

‘हो.’

मग त्याने प्रथमच इकडेतिकडे पाहिले. पाणी माझ्या माथ्यापासून जेमतेम वीतभर खाली होते. सांडव्याच्या जाळीवर पाल्याची भिंत झाली होती आणि पलीकडे सांडव्याचे दगड उघडेच दिसत होते.

‘जाळी काढली तर सगळे मासे जातील,’ दादा म्हणाला. पण हे तो स्वतःशीच म्हणत होता.

‘खाली आई आहे.’

दादाने पेला तिच्या हातात दिला, काठावरच्या माशांच्या राखणीच्या झोपडीतून कोयता आणला आणि कंबरभर पाण्यात उतरून जाळीचे दोर तोडले. पाला, काटक्या, फळ्या, सगळे एकदम सुटले. पाण्याबरोबर त्याचे मासे चकाकत खाली गेले. चिमीच्या खिडकीसमोरच्या ओढ्यातून जाणारे ते मासे आईने पाहिले आणि त्यांचे काय करायचे याबद्दल ती ओरडून काहीतरी सांगत होती, पण कोणाचे लक्ष नव्हते. मग दोघे झडपेकडे गेले. दोघांनी मिळून चाकाला पहार घातली. चाक तसूभरही हलले नाही. गंजून ते नळाशी एकजीव झाले होते. रोज तेल घालणारा हात गेला की लोखंडही आपले राहत नाही.

दादा माझ्या उतारावरून खाली उतरला. ज्या दारात पाय ठेवायचा नव्हता त्याच दारातून तो ओल्या कपड्यांनी आत गेला. नवरा टेम्पो घेऊन परत आला होता. आईने खाटेची कड घट्ट धरली.

‘मी नाही यायची,’ आता दात लावून ती स्पष्ट म्हणाली. ‘बांध ह्यांनी बांधलाय. तो नाही फुटायचा.’

‘बाबांनी बांधला, आई,’ दादा खाली बसून म्हणाला. ‘पण एवढी वर्षं सांभाळला आम्ही. म्हणून चल.’

आईने त्याच्याकडे पाहिले आणि खाटेची कड सोडली. टेम्पोत चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून ती दादाच्या घरी गेली.

माझ्या पायथ्याशी आता बोटाएवढी धार करडी होऊन येत होती. दादाने पोते घेतले आणि धारेच्या तोंडात कोंबायला निघाला. चिमीने त्याचा हात धरला. ‘तोंड दाबू नको! दुसरीकडून फुटेल. बाबा काय म्हणायचे? माती धरायची, पाणी सोडायचं.’ पोती पुरेशी नव्हती. मग तिने दवाखान्याचे धुतलेले अभ्रे आणले. तोवर नवराही आईला पोचवून परतला. तिघांनी त्यांत वाळू भरली, धारेभोवती त्यांचे गोल कडे रचले आणि आत वाळू व त्यावर बारीक खडी टाकली. कड्यात पाणी साठले, त्याचा दाब आला आणि माती आत अडू लागली. वर सांडव्यातून पाणी धो धो जात होते. पाण्याची पातळी उतरत गेली. चिमी पुन्हा पुन्हा पेला भरून बघत होती. करडे पाणी विरळ झाले, मग राखेच्या पाण्यासारखे फिके झाले. शेवटी तिने पेला दादापुढे धरला आणि दोघे ओल्या मातीत तिथेच बसले. माझ्या पायथ्याशी पांढऱ्या उशा पडल्या होत्या. आजाऱ्याला ठेवतात तशा.

नंतर चिमीने स्वतः धरणांची तपासणी करणाऱ्या कार्यालयात जाऊन खबर दिली. गुडघ्यापर्यंतचे बूट घातलेल्या एक तपासनीस बाई आल्या. त्यांनी प्रत्येक बिळात लोखंडी गज घालून पाहिला. पाहुण्याला हात लावून विचारले, ‘हे झाड कोणी लावलं?’

‘आपोआप आलं,’ दादा म्हणाला.

‘आणि एवढं मोठंही आपोआपच झालं ना?’ बाई म्हणाल्या. ‘बांधाचे मालक कोण?’

सवयीने दादाने चिमीकडे बोट दाखवले आणि चिमीने दादाकडे. मग दोघांनीही हात खाली घेतले.

‘आम्ही दोघं,’ चिमी म्हणाली.

बाईंनी स्पष्ट सांगितले. एवढी उंची आता माझ्या अंगाला झेपणार नाही. माथा उतरवायचा, निघालेली माती पायथ्याला टाकून भार द्यायचा, सांडवा रुंद करून कायम मोकळा ठेवायचा, झाड मुळासकट काढायचे, आणि खड्ड्यातले घर टेकडीवर हलवायचे. ‘यातलं एखादं करून भागणार नाही,’ असे त्या दोनदा म्हणाल्या.

कोरडे दिवस आले तेव्हा माझे पाणी सोडून दिले. पाहुणा गेला. तो माझा जीव घेत होता हे मला माहीत आहे, तरी त्याचे मूळ ओढून काढताना मला रडू आले. तिथे पडलेल्या चरात पुन्हा करडी माती भरायची होती. माती ओली केली, पसरली. यंत्र त्या अरुंद चरात शिरेना. तेव्हा दादाने विजार गुडघ्यावर चढवली आणि आत उतरला. मागोमाग चिमी उतरली. दोघांचे केस पांढरे, गुडघे कुरकुरणारे. दादा एकेक पाय रोवत होता आणि चिमी घसरून त्याचा दंड धरत होती. माथ्यावर खुर्चीत बसलेली आई सगळे बघत होती. संध्याकाळी दोघे चरातून वर आले तेव्हा ती ओरडली, ‘पाय धुतल्याशिवाय घरात येऊ नका!’

माझा माथा खाली आला. ती माती गाड्यांनी खाली नेऊन माझ्या पायथ्याला आणि त्या जुन्या खड्ड्यात टाकली. घर तोवर तिथून हलले होते. माझी माती शेवटी आपल्या घरी परतली, मित्रांनो, आणि कोणाचे घर न मोडता परतली. मी याहून जास्त कधी काही मागितले नव्हते.

आता मी ठेंगणा आहे. पाणी थोडेच अडवतो. माझ्या अंगावर आखूड गवत आहे, झाड नाही, बीळ नाही, सावली नाही. पूर्वीपेक्षाही मी एकटा आहे, कारण बांधाने एकटेच असायला हवे, हे मला उशिरा कळले. माझ्यासारखे जुने, बिननावाचे बांध टेकड्याटेकड्यांतून पडून आहेत. त्यांच्या माथ्यावर उभे राहून पलीकडचे बघणारे पुष्कळ असतात. तुम्ही कधी तिथे गेलात तर एकदा खाली उतरा. सांडवा मोकळा आहे का बघा. पायथ्याशी हिरवे दिसले तर का, ते विचारा. बांध कोणाचा हा वाद नंतर घाला.

गेल्या वर्षी आई गेली. रोज सकाळी पाझर बघायला चिमी येते. आज तिला बरे नव्हते म्हणून दादा आला. आधी सवयीने तो माथ्यावर उभा राहिला. त्याने तोंड उघडले, खालच्या मोकळ्या जागेकडे पाहिले आणि मिटले. मग काठी टेकत तो उतारावरून माझ्या पायथ्याशी आला आणि त्याने पेला पाझराखाली धरला. पेला भरेपर्यंत त्याने दुसरा हात माझ्या अंगावर टेकवला होता.

‘बरा आहेस ना?’ त्याने मला विचारले.

मला बोलता येत नाही. त्याने पेला उचलून उन्हात धरला. पाणी निवळ होते.